कांजूरला गेलेले सोडे

माझी स्मरणशक्ती तशी बेताचीच आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी जेट्टीवरून परत घरी गेलेली आहे. पण माझ्या माणसाचं कोणी वाईट केलं, तर त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा मला पाठ असतात. अंधेरीतल्या त्या हॉटेलच्या मॅनेजरची बटणं पांढरी होती आणि वरून दुसरं अर्धं तुटलेलं होतं. त्या तुटक्या बटणाकडे बघत मी पाच मिनिटं उभी होते, कारण त्याच्या डोळ्यांत बघायची माझी छाती झाली नाही. त्या पाच मिनिटांचा डूख मी पुढे अडीच महिने धरला, आणि धरला याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आम्ही मनोरीचे. आई मासे विकते, तिची सासू विकायची, तिच्याही आधीची विकायची. मी शिकले, लग्नाच्या भानगडीत पडले नाही आणि अंधेरीला एका ऑफिसात कारकून झाले. सकाळी दोघी एकाच बोटीने खाडी ओलांडायचो. मार्व्याला उतरलो की आई पाटी घेऊन चारकोपच्या मार्केटात आणि मी पर्स घेऊन ऑफिसात. ऑफिसात माझ्या खणात एक जादा ड्रेस आणि डिओची बाटली कायम असायची. कशासाठी, ते आईने कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गिऱ्हाईक ओळखायची ती फक्त आवाजावरून. अंधेरीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. उपाशीपोटी सकाळी सहाला हजर राहायचं होतं. त्या आठवड्यात पहाटे ओहोटी होती, आणि ओहोटीला पहिल्या बोटीचा भरवसा धरता येत नाही. म्हणून मी मोबाइलवर दवाखान्याजवळचं एक स्वस्तातलं हॉटेल बुक केलं. फोटो झकास होते. पलंगावर टॉवेलचे दोन हंस, खिडकीतून ऊन, टेबलावर फळं. आईला फोटो नीट दिसत नव्हते म्हणून मी वर्णन करून सांगितलं. ती म्हणाली, "एवढं कशाला गो? एक रात तर काढायची हाय."

ठरल्या दिवशी आई नेहमीसारखी मार्केटात बसली. ऑपरेशन उद्या आहे म्हणून आजचा धंदा बुडवणाऱ्यातली ती नाही. दुपारी मासे संपवून ती रिक्षाने थेट अंधेरीला आली. कडेवर रिकामी पाटी होती आणि पाटीत फडक्यात बांधलेले सोडे. सोडे म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोळंबी. आईने ते स्वतःच्या हाताने सोलले होते, चार दिवस अंगणात बसून, कावळे हाकत. डॉक्टरांना द्यायचे होते. दुसऱ्या कोणी पेढे नेले असते. पण आमच्यात कोणाचे उपकार घ्यायचे तर घरातलं सगळ्यात चांगलं जे असेल ते पुढे ठेवायचं, आणि आमच्या घरात सोड्यांहून चांगलं काही नव्हतं. "डोळे देणाऱ्याकडं रिकाम्या हातानं जायचं नाय," असं ती मला आठवडाभर बजावत होती.

मी ऑफिसातून निघून हॉटेलवर पोचले तेव्हा ती काउंटरसमोर उभी होती आणि मॅनेजर तिच्याशी बोलतच नव्हता. मला बघून तो हसला. मी आधार कार्डं पुढे केली. त्याने पत्ता वाचला आणि कार्डं परत सरकवली.

"लोकल आयडी चालत नाही आमच्याकडे. मुंबईचा पत्ता आहे. पॉलिसी आहे मॅडम."

मी समजावून सांगितलं. मध्ये खाडी आहे, पहाटे बोटीचा भरवसा नाही, सकाळी सहाला ऑपरेशन आहे. मुंबईतली माणसं मुंबईतल्या हॉटेलात कशासाठी येतात याबद्दल त्याच्या मनात एकच कारण असावं. समोर साठीची बाई आणि तिची मुलगी असूनही ते त्याच्या मनातून जाईना. दवाखान्याचे कागद दाखवल्यावर तो उपकार केल्यासारखा रजिस्टरकडे वळला. आणि तेवढ्यात त्याच्या नाकाने पाटी हेरली.

"हे काय आहे?"

"सोडे हायत," आई अभिमानाने म्हणाली. "डाक्टरसाठी."

"आत नेता येणार नाही. एसीतून वास सगळ्या रूम्समध्ये जातो. इथे सभ्य लोक उतरतात."

हे सगळं तो अगदी शुद्ध, धुतल्या तांदळासारख्या मराठीत बोलला. हिंदीत बोलला असता तर मी परका म्हणून सोडून दिलं असतं. मग त्याने काउंटरखालून रूम फ्रेशनरचा कॅन काढला. आधी पाटीवर फवारा मारला. मग आईभोवती. आणि मग, सोफ्यावर बसलेले दोन पाहुणे बघताहेत हे बघून जरा जास्तच रंगात येत, आईच्या पदरावर. आईला दिसत नव्हतं. तिला काय होतंय तेच कळेना. ती तोंडावर हात धरून म्हणाली, "काय उडवलंस रे बाबा? डोल्यात गेलं."

सोफ्यावरचं कोणीतरी हसलं. त्या वेळी मी काय बोलले ते मला इथे लिहायला हवं. पण आत्ता नाही, जरा पुढे लिहीन.

पाटी आणि सोडे मागच्या दाराजवळच्या फळीवर ठेवायला लावले. खोलीत गेलो. टॉवेलचे हंस नव्हते. टॉवेल एकच होता, तोही पातळ. खिडकी होती, पण ती उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून गळणारं एसीचं पाणी. फ्लश बिघडलेला, गीझरचं बटण दाबलं की ट्यूब लुकलुकायची, उशीवर आधीच्या माणसाच्या तेलाचा डाग. आणि वास! ओल, फिनेल, जुनी सिगरेट आणि कोणाचे तरी मोजे. बाथरूमच्या फळीवर तोच लॅव्हेंडरचा फ्रेशनर ठेवला होता, जणू सगळं पाप तो झाकणार होता. आमच्या पाटीला समुद्राचा वास यायचा. या खोलीला माणसांचा येत होता, आणि तो कितीतरी घाण होता.

आई पलंगाच्या कडेला बसून राहिली. हात मांडीवर न ठेवता तिने ते पुढे धरले होते, कशाला लागू नयेत असे. तिने जेवायलाही नको म्हटलं.

ऑपरेशन नीट झालं. आईला खुर्चीवर टेकवून मी हॉटेलवर पळत आले, सोडे घ्यायला, कारण डॉक्टर राउंडला यायचे होते. फळीवर पाटी होती. फडकं नव्हतं, सोडेही नव्हते. मॅनेजर कॉम्प्युटरमधून मान वर न काढता म्हणाला, "कचरा समजून कोणीतरी टाकले असतील. गाडी गेली सकाळी. एव्हाना कांजूरला पोचले असतील."

कांजूरला म्हणजे डंपिंग ग्राउंडवर. चार दिवसांचं आईचं ऊन कांजूरला.

आई डॉक्टरांसमोर एका डोळ्याला पट्टी लावून उभी राहिली आणि म्हणाली, "माफ करा, काय आनलं नाय." डॉक्टर म्हणाले, अहो काय आणायचंय? त्यांना काही कळलंच नाही. मला कळलं. दुपारी खोली सोडायला गेलो तेव्हा रूम तपासून होईपर्यंत आम्हाला लॉबीत थांबवलं. आई पिशवी छातीशी घट्ट धरून बसली होती. मला वाटलं, भेदरली आहे.

मग घरी तिचं बदललं. डॉक्टरांनी महिनाभर पाणी, धूळ टाळायला सांगितलं होतं, तेवढं ठीक. पण महिना संपला, डोळ्याने लख्ख दिसायला लागलं, तरी ती मार्केटात जाईना. सारखी हात धुवायची. लिंबाची साल घासायची, मग बोटं नाकाशी नेऊन बघायची. शेजारचं तान्हं पोर तिच्याकडे झेपावलं तर म्हणाली, "नको, माझ्या हाताला घान येतंय." आयुष्यात हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आणि जागेचा प्रश्न होता. मार्केटात आईच्या ओळीची एक रीत आहे. एखादी बाई आजारी पडली, बाळंत झाली, तर बाकीच्या तिच्या जागेवर तिचीच पाटी पालथी घालून ठेवतात. पालथ्या पाटीच्या जागी कोणी बसत नाही. पण हे चालतं नारळी पुनवेपर्यंत. पुनवेला दर्याची पूजा झाली, होड्या सुटल्या, की पालथी पाटी उचलतात आणि जागा दुसरीला देतात. त्याविरुद्ध भांडण नाही, रागलोभ नाही. ती जागा आईला तिच्या सासूकडून मिळाली होती. बायका निरोप पाठवत होत्या. आई ऐकून घ्यायची आणि हात धुवायला उठायची. श्रावण तोंडावर आला होता.

माझं डोकं एकाच गोष्टीने भरलं होतं. त्या माणसाची वाट लावायची. मोबाइलवर मी लांबलचक तक्रार लिहिली. 'प्रिय अतिथी, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं उत्तर आलं. वाक्यन् वाक्य मशीनचं. मग मी ठरवलं की त्याच्या एसीच्या जाळीत सुक्या मासळीतला मूठभर जवळा कोंबायचा, महिनाभर त्याचे सभ्य लोक नाक धरून पळतील. खरंच पर्समध्ये जवळ्याची पुडी घालून तीन दिवस त्या रस्त्यावरून फिरले. तिसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "अगं, कसला तरी वास येतोय ना?" आणि मी बाथरूममध्ये जाऊन पुडी फेकून दिली, हात धुतले, डिओ मारला. आरशात बघितलं तर मी अगदी आईसारखी बोटं हुंगत होते.

त्यानंतर दोनेक दिवसांनी हॉटेलच्या मागच्या दाराशी तिथली सफाईची मावशी डबा खात बसलेली दिसली. मालवणकडची होती. आम्ही उतरलो होतो तेव्हा खोली तिनेच झाडली होती. मी सहज म्हटलं, "मावशी, आमचे सोडे तुम्हीच टाकलेत का कचऱ्यात?"

ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "कचऱ्यात? सोडे कोण कचऱ्यात टाकता गो? साहेबानी डब्यात भरून घराक न्हेले. बायलेक खूप आवडले म्हणान सांगत होते. अजून इचारतत, तसले खंय गावतत म्हणान."

नाकाने कांदे सोलणारा तो माणूस! ज्याचा वास सहन होत नव्हता, त्याची खिचडी करून खाल्ली होती. मी मावशींना शांतपणे सांगितलं, "सांगा साहेबांना, चारकोपच्या मार्केटात मिळतात. आषाढातल्या शेवटच्या रविवारी. सुक्या मासळीच्या ओळीत, खांबाजवळची तिसरी जागा."

तिने डबा बंद केला आणि एवढंच म्हणाली, "सांगतंय."

ती तिसरी जागा आईची. तिथे पाटी पालथी होती. सापळा तर लावला, पण सापळ्यात बसायला आई हवी होती.

घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सोडे टाकले नाहीत, त्याने खाल्ले, बायकोला आवडले, अजून शोधतोय. आईचा हात ताटात थांबला. तिने हातातला खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "आवडले?"

"हो."

"खिचरी केलन का कालवन?"

"ते नाही विचारलं."

तिने ताट बाजूला केलं. "डब्यातले सोडे काड. रविवारी बसते."

आता ते राहिलेलं लिहिते. लॉबीत त्याने आईच्या पदरावर फवारा मारला, कोणीतरी हसलं, तेव्हा मी पुढे झाले. आईकडे नाही, त्याच्याकडे. आणि म्हणाले, "सॉरी सर." आईच्या वासाबद्दल मी त्या माणसाची माफी मागितली. आईला तेव्हा दिसत नव्हतं, एवढ्यावर मी अडीच महिने स्वतःची समजूत घातली होती.

रविवारी मार्केट तुडुंब होतं. उद्या-परवा श्रावण लागणार म्हणून लोक वर्षभराचं खाऊन घ्यायला निघाल्यासारखे. ओळीतल्या बायकांनी आईला बघून काही विचारलं नाही. एकीने उठून पालथी पाटी सुलटी केली, दुसरीने जागेवर पाणी मारलं. आईने एका बाजूला बर्फातली मासळी मांडली, दुसऱ्या बाजूला सोडे. मी मागे उभी होते. पाव तासात तिचं तोंड सुटलं, गिऱ्हाइकांना दम भरणं सुरू झालं, आणि तिचे हात मासळीत मनगटापर्यंत बुडाले.

तो साडेदहाला आला. अर्धी चड्डी, हातात कापडी पिशवी, सोबत बायको. आईने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. डोळ्यांतून तेव्हा नुसता धूर दिसायचा. मी तिच्या पाठीला बोट लावणार, तेवढ्यात तो बोलला. "सोडे कसे दिले?"

आईच्या पाठीचा कणा ताठ झालेला मला दिसला. बोट लावायची गरज नव्हती.

"आधी बघ तर," ती गोड आवाजात त्याच्या बायकोला म्हणाली. "वास घे. घे गो, लाजू नको."

बायकोने मूठभर उचलून हुंगले आणि तिचा चेहरा फुलला. "अहो, हेच! अगदी तेच आहेत. मावशी, यांना हॉटेलातल्या एका पाहुण्यांनी प्रेमाने भेट दिले होते. तेव्हापासून आम्ही शोधतोय."

"प्रेमानं?" आई म्हणाली. "माझी आठवन वेगली हाय. आमाला तर सांगितलान की सोडे कांजूरला गेले. कचऱ्याच्या गाडीतनं."

त्याने मान वर केली. आधी आईकडे पाहिलं, मग मागे माझ्याकडे. त्याच्या तोंडावरचा रंग उतरायला लागला तो मी डोळे भरून बघितला. अडीच महिने मी याच रंगासाठी जगले होते.

"तो पाहुना मी होते," आई त्याच्या बायकोला सांगत होती, सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात. "डोल्यांच्या आपरेशनला आलते. डाक्टरसाठी सोडे आनलेले. यानं मागच्या दारी ठेवायला लावले नि माझ्या पदरावर वासाचं पानी मारलान. डोल्यात गेलं माझ्या."

"काहीतरी गैरसमज होतोय," तो म्हणाला. "आपण बाजूला बोलू."

"बाजूला कशाला? तू तरी कुठं बाजूला घेतलंस?" आईने ओला हात पुढे केला. "सोडे पायजेत ना? आधार कार्ड दाखव."

"काय?"

"आधार. पत्ता कुठचा?"

"इथलाच, चारकोपचा."

"अरेरे. लोकल आयडी चालत नाय आमच्याकडं. पालिसी हाय."

शेजारची खो खो हसत सुटली. आणि मग आईने पाटीखालून तो कॅन काढला. लॅव्हेंडर. हॉटेलच्या बाथरूममधला. अडीच महिने घरात कुठे होता मला माहीत नाही. झाकण काढून तिने त्याच्या कापडी पिशवीवर एक फवारा मारला, मग दुसरा, सावकाश, कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारतात तसा. "वास येतंय साहेब पिशवीला. इथं सभ्य लोक बसतात."

ओळीतल्या पहिलीने आपल्या सोड्यांवर ओलं गोणपाट टाकलं. मग दुसरीने. मग टोकापर्यंत सगळ्यांनी. आता त्या ओळीत कोणीही त्याला काही विकणार नव्हतं, त्या रविवारी नाही आणि पुढेही नाही. त्याच्या बायकोने मुठीतले सोडे एकेक करून परत ठेवले, पर्स बंद केली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "चला." त्या एका शब्दात त्याचा पुढचा अख्खा श्रावण मला ऐकू आला. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने हसले. शर्टाचं बटण बघायला विसरले, एवढंच राहिलं.

दुपारी दीडपर्यंत सगळी मासळी संपली. आईने जागा धुतली आणि जागेवरची पाटी पालथी न घालता सुलटीच ठेवली, म्हणजे उद्या येणार. बायका तिची थट्टा करत होत्या. मी तिची फळी पुसत होते, अजून हसत. तिने कॅन उचलला, हलवून बघितला, आत थोडं शिल्लक होतं. मग तो माझ्यासमोर धरला.

"धर. हापिसातल्या खनात ठेव. तुला लागतं."

माझं हसू जागच्या जागी थिजलं. तिने नजर वळवली नाही. ऑपरेशन केलेल्या त्या डोळ्याने तिला आता चांगलंच दिसत होतं.

"सॉरी, आई," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली. "आवाज तोच हाय. त्याला म्हनालीस तवापन असाच होता. मी आवाज वलखते."

मग तिने पदर कमरेला खोचला. "बर्फाची पाटी इथं नको ठेवू, घरी न्हेऊन धुवायची हाय. उचल."

मी कॅन पर्समध्ये टाकला आणि पाटी उचलून डोक्यावर घेतली. मार्केट ओलांडून रस्त्यावर आलो तेव्हा तिच्यातलं पाणी माझ्या मानेवरून ब्लाउजात उतरत होतं. मी ते पुसलं नाही. आई पुढे चालत होती, आणि तिने एकदाही वळून बघितलं नाही.